आठ तारखेचा अंक

मिलवॉकी,
५ सप्टेंबर १९७८

प्रिय एल्मी,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला की पुढच्या पत्रात तू दिवस मोजून दाखवतेस, म्हणून या वेळी मीच आधी मोजून ठेवले. बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण कारखान्यात आता बसून करायचं काम मिळालंय. आईच्या मोतीबिंदूचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. हँकॉकच्या हवेचं मात्र पानभर लिहिलंस.

माझं रविवारचं दुकान बरं चाललंय. दुकान म्हणजे चर्चच्या तळघरातलं एक टेबल आणि त्यावर जुन्या बातमी-साप्ताहिकांची सहा खोकी. लोक रद्दी टाकतात आणि माझा भाऊ ती इस्त्री करून ठेवतो, असं तू शाळेत सांगतेस हे माझ्यापर्यंत आलंय. सांग खुशाल. गेल्या रविवारी एक आजोबा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बायकोसाठी १९२८ सालचा अंक घेऊन गेले. साबणाच्या जाहिरातीचं एक पान होतं, ते बघत इतका वेळ उभे राहिले की मी त्यांना खुर्ची दिली.

पण लिहायचं कारण वेगळं. माझ्या शेजारच्या टेबलावर म्हातारा वोयचिक बसतो. तीस वर्षं या धंद्यात आहे. त्याने मला परवा वेड्यात काढलं. म्हणाला, मुखपृष्ठावर छापलेली तारीख ही अंक निघाल्याची नसतेच, दुकानदाराने तो मांडणीवरून उतरवायची असते. अंक निघतो त्याच्या आठवडाभर आधी, आणि आतल्या बातम्या त्याच्याही आधीच्या. म्हणजे जन्मतारखेचा अंक म्हणून आम्ही जो रिबीन बांधून देतो, त्यात ते मूल अजून जन्मलेलंच नसतं.

मला लगेच आईचा अंक आठवला. आपला थोरला भाऊ रेइनो लढाईत गेला ८ ऑक्टोबर १९५१ ला, आणि आईने सत्तावीस वर्षं शिवणयंत्राच्या खणात जपलाय तोही ८ ऑक्टोबरचाच. तो चुकीचा आहे, एल्मी. रेइनोचा आठवडा त्यात नाहीच. वोयचिकबरोबर बसून मी नीट ताडून पाहिलं. खरा अंक २२ तारखेचा. आणि तो मला मिळाला, पत्त्याची चिकटपट्टी नाही, घडी नाही, कोपरे शाबूत. मी तो उघडलेला नाही. अशी प्रत उघडायची नाही हा आमच्यातला पहिला धडा, शिवणीवर रेघ पडते. आईने उघडला तर चालेल, तो तिचाच आहे.

तिच्या पंचाहत्तरीला याहून चांगलं मला काही सुचणार नाही. फोनवर मी तिला एवढंच म्हटलंय की रेइनोसंबंधी एक वस्तू येतेय. शनिवारी पार्सल टाकतो.

आईला नमस्कार. लोभ आहे तसाच असू दे, आणि तो मोजू नकोस.

तुझा
वेर्नर


हँकॉक,
११ सप्टेंबर १९७८

प्रिय वेर्नर,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पार्सल टाकलं नसशील तर टाकू नकोस. आधी तो अंक उघड आणि वाच. शिवणीवर रेघ पडली तरी चालेल.

तुला हे ठाऊक असणं शक्य नाही. तार आली तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास, पुढे तीन वर्षांनी घर सोडलंस. तारेत तारखेखेरीज काही नव्हतं. पलटणीकडून मागाहून पत्र आलं त्यातही कर्तव्य बजावताना एवढेच शब्द. तार आली त्या दिवशी बाबा खाणीवरून परस्पर न्हाव्याकडे गेले. त्यांना फिनिशच वाचता येई, इंग्रजी नाही, पण आकडे कळत. बाकावर पडलेल्या अंकांतून त्यांनी ८ तारीख शोधली आणि न्हाव्याला विचारून तो घरी आणला. आईच्या हातात देऊन म्हणाले की यात असेल.

आई इंग्रजी शिकली ती त्या अंकावरून. युद्धाबद्दल त्यात एक छोटा परिच्छेद आहे. त्या भागात आठवडा शांत गेला, जवान ऊन खात बसले होते, डाक वेळेवर आली, रोज दोनदा गरम जेवण पोचलं, असा. एवढ्यावर आईने रेइनोचा शेवटचा दिवस उभा केला. शांत दिवस, जेवण झालेलं, आणि कुठूनतरी भरकटत आलेला एक गोळा, कळायच्या आत. दरवर्षी ८ ऑक्टोबरला ती कॉफी करते, वेलदोड्याचा पाव कापते, तो परिच्छेद मला वाचून दाखवते आणि शेवटी म्हणते, त्याच्या पोटात गरम अन्न होतं. मग आम्ही कॉफी पितो. सत्तावीस वर्षांत यात एक शब्द बदललेला नाही.

तुझ्या अंकात काय आहे मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. हे लिहिताना मी स्वतःला विचारलं की मला खरंच आईची काळजी आहे, की त्या दिवशी तिच्याजवळ बसण्याचा मान माझ्या एकटीचा आहे तो जाईल म्हणून मी तुला अडवतेय. रोजनिशीत दोन्ही लिहिलं. तरीही वाच.

मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्येच झालं. मी लिहिलं होतं, तूच हवेचं पान वाचून थांबलास. आता ती माझ्याहून चांगलं वाचते.

लोभ असतोच, उत्तर मात्र लवकर असावं.

तुझी
एल्मी


मिलवॉकी,
१५ सप्टेंबर १९७८

प्रिय एल्मी,
स. न.

पार्सल शनिवारीच गेलं. तुझं पत्र आज मिळालं. फोन करणार होतो, पण तुमचा फोन स्वयंपाकघरात आईच्या डोक्यावर टांगलेला. बोलणार काय?

त्याच अंकाची दुसरी प्रत माझ्याकडे होती, मुखपृष्ठ फाटलेली, विकायच्या लायकीची नाही म्हणून बाजूला टाकलेली. ती घरी आणून जेवणाच्या टेबलावर उघडली. हजारो अंक हाताळले मी, एल्मी. पहिल्यांदा एक वाचला.

चार पानं आहेत. एक डोंगर, त्याला नावही नाही, नुसता आकडा. पलटणीचा नंबर रेइनोचाच. पाच तारखेला चढाई सुरू झाली. सहापासून धुकं आणि पाऊस, सामान वाहणाऱ्यांना वर जाता येईना. तीन दिवस वर खायला काही पोचलं नाही. लोकांनी डोक्यावरच्या लोखंडी टोपात पावसाचं पाणी धरून प्यायलं. जखमींना खाली आणायला माणसं उरली नव्हती, ते जिथे पडले तिथेच राहिले आणि एकमेकांना नावाने हाका मारत राहिले. आठ तारखेला दुपारी माथा घेतला. कुणाचीच नावं दिलेली नाहीत. त्यात रेइनो नेमका कधी, कुठे, हे कळायला मार्ग नाही. पण डोंगर तोच, आणि दिवस तोच.

आईकडचा अंक सप्टेंबरअखेरच्या बातम्यांचा. तेव्हा पलटण मागे विश्रांतीला होती, गरम जेवण खरंच मिळत असणार. मधल्या पंधरा तारखेच्या अंकातल्या बातम्या सातला संपतात. आठ तारीख फक्त या बावीसच्या अंकात आहे. माझा हिशेब अगदी बरोबर होता.

पोस्टात जाऊन पार्सल सोडवून घे. जाळ, पुरून टाक, काहीही कर. आईसाठी मी आजच एक शाल पाठवतोय, तीच भेट म्हणून दे.

मी उघडून पाहायला हवं होतं. ते एक पान उलटायला काय लागलं असतं?

वेर्नर


हँकॉक,
२८ सप्टेंबर १९७८

प्रिय वेर्नर,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पार्सल एकोणीस तारखेला आलं. मी ते पोस्टातूनच शाळेत नेलं आणि ग्रंथालयाच्या कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या मागे ठेवलं. तिथे माझ्याखेरीज कुणी हात घालत नाही.

जाळलं नाही. दोनदा शाळेच्या भट्टीपर्यंत घेऊन गेले. तिथल्या माणसाने काही जाळायचंय का विचारलं, मी म्हटलं हात शेकायला आले. मग डबा खायच्या सुट्टीत दार लावून वाचलं. तू लिहिलंस ते तू फार कमी करून लिहिलंस.

काल वाढदिवस छान झाला. चर्चच्या बायका आल्या होत्या. शेजारच्या साइमाने केक आणला आणि नेहमीप्रमाणे साखर विसरली, आणि सगळ्यांनी नेहमीप्रमाणे दोन दोन तुकडे घेतले. आईने तुझी शाल अंगावर घेतली, उबदार आहे म्हणाली, साइमाला लोकर दाखवली. नंतर भांडी पुसताना मला विचारलं की वेर्नर म्हणत होता ती वस्तू हीच का. मी हो म्हटलं. तिने शालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बशी जागेवर ठेवली.

मला खोटं बोलता येत नाही असं मी आजवर समजत होते. येतं. सोपं आहे. त्यानंतरचं जेवण तेवढं जड जातं.

शाळेत मुलांना सांगते की कागदावर आहे ते जसं आहे तसं वाचा, आवडेल तेवढंच उचलू नका. आणि माझ्या कपाटात आईच्या मुलाचा शेवटचा दिवस कोंडलेला आहे. तो तिचा आहे की माझा? तिला सुखात ठेवते आहे, की तिला लहान मूल करून ठेवते आहे? पंचाहत्तर वर्षांच्या बाईला काय सोसेल हे मी ठरवायचं, हा अधिकार मला कुणी दिला? पण मग वाटतं की सत्तावीस वर्षांनी तिच्या ताटातली एवढी एकच गोष्ट काढून घ्यायचा तरी कुणी दिला?

तुला वाटतं ते मोकळेपणाने लिही. लोभ दोघांत वाटून घेऊ, तसंच हेही.

तुझी
एल्मी


हँकॉक,
९ ऑक्टोबर १९७८

प्रिय वेर्नर,
स. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही, आणि आता त्याची वाट बघण्यात अर्थ उरला नाही. मी अंक आईला दिला.

काल रविवार होता. चर्चमधून आलो. तिने कॉफी ठेवली, पाव कापला, खणातून अंक काढला आणि परिच्छेद वाचला. पोटात गरम अन्न होतं, हे वाक्य आलं तेव्हा मी खिडकीतून सरपणाच्या ढिगाकडे बघत होते. तिने चष्मा काढून ठेवला आणि आवाज न चढवता म्हणाली, "वेर्नरचं पार्सल तू एकोणीस तारखेला सोडवलंस. पोस्टमास्तर बोलला मला. मी पुन्हा विचारणार नव्हते, तू सांगशील याची वाट बघत होते."

माझ्याकडे खोटं तयार होतं, वेर्नर. पार्सल फाटून आलं, तुझ्याकडे परत पाठवलं, असं. जिभेवर होतं. मी म्हटलं शाळेत आहे. ती म्हणाली, जा, आण. रविवारी शाळेची किल्ली मागायला मुख्याध्यापकांच्या घरी गेले. अंक आणून तिच्यासमोर ठेवला आणि तुझा वोयचिक, मुखपृष्ठावरची तारीख, सगळं सांगितलं. आत काय आहे हेही सांगू लागले, तर तिने हात वर केला. वाचता येतं मला, म्हणाली. मग मला साइमाकडे जायला सांगितलं.

संध्याकाळी परत आले तर ती तिथेच बसलेली, अंक दुसऱ्या पानावर. दोन्ही कप भरलेले, कॉफीवर साय. तिने मला एकच विचारलं. एक इंग्रजी शब्द दाखवला आणि अर्थ विचारला. मी सांगितलं, डोंगराची धार.

मी तिच्यासाठी दिला की माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून, हे काल ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

एल्मी


मिलवॉकी,
१४ ऑक्टोबर १९७८

एल्मीस,
स. न.

उत्तर दिलं नाही कारण काय लिहू ते कळत नव्हतं. आता कळतंय.

तुला एक खोटं पुरवता आलं नाही. एकच. मी काही शंभर वर्षं मागत नव्हतो, तिची जी काय उरलीत तेवढीच. तुला लहानपणापासून मन धुतल्यासारखं लख्ख लागतं आणि ते धुतलेलं पाणी दुसऱ्याच्या अंगावर जातं. फुलदाणी मी फोडली हे तू बाबांना सांगितलंस तेव्हाही असंच. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तू सांगितलंस.

रविवारी टेबल लावलं नाही. एका बाईने मुलाच्या जन्माचा आठवडा मागून ठेवला होता. तिला वोयचिककडे पाठवलं.

वेर्नर

ता. क. हे पत्र दोन दिवस खिशात ठेवलं होतं. फाडणार होतो. पण तुला जसं आहे तसंच हवं असतं, म्हणून पाठवतोय. अंक कुणी पाठवला हे मी विसरलेलो नाही. आई जेवते का, एवढं कळव.


हँकॉक,
२१ ऑक्टोबर १९७८

प्रिय वेर्नर,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचलं. फुलदाणीचं खरं आहे. बाकीचंही बहुतेक खरं आहे.

आई जेवते, पण गरम काही घेत नाही. शिळा पाव, ताक, गार उकडलेले बटाटे. मी सूप वाढलं तर ते माझ्याकडे सरकवते. परवा मी चिडून म्हटलं की याने रेइनोला काय मिळणार आहे. ती म्हणाली, त्याला काही मिळत नाही, त्याची भूक मला कळते तेवढी.

रोज दुपारी दोन परिच्छेद वाचते. शब्दकोश मी शाळेतून आणून दिला. वाचताना मला जवळ बसू देत नाही. अडलेले शब्द पाकिटाच्या पाठीवर उतरवून ठेवते आणि मी घरी आले की विचारते. काल विचारलेला शब्द होता त्या माणसांसाठीचा, जे जखमींना झोळीतून वाहून नेतात. मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, म्हणजे ते जे आले नाहीत ते.

शनिवारच्या वाफेच्या अंघोळीसाठी तिने सॉना तापवू दिली नाही. चर्चच्या मंडळात जात नाही. साइमा विचारायला आली तर आईने तिला कॉफी दिली, हवापाण्याचं बोलली. जाताना साइमा मला दारात म्हणाली की घरात कालच कुणी गेल्यासारखं वाटतंय. बरोबरच आहे. आपल्याकडे रेइनो आत्ता गेला. मी सतरा वर्षांची असताना, तार आली तेव्हा, या घरात कुणी ओरडून रडलं नव्हतं, वेर्नर. तिच्याकडे तो परिच्छेद होता. परवा दुपारी मी फाटकातून आत येत होते तेव्हा तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मी आत गेले नाही. सरपणाशी उभी राहिले आणि तो आवाज थांबल्यावर, आत्ताच आल्यासारखी पाय वाजवत गेले.

तू मला दोष दे, मी तुला देणार नाही. तेवढंच मला जमण्यासारखं आहे. ती तुला स्वतः लिहिणार आहे असं म्हणाली. कधी ते सांगितलं नाही.

लोभ राहू दे. या वेळी ते मनापासून मागते आहे.

तुझी
एल्मी


हँकॉक,
३० ऑक्टोबर १९७८

चि. वेर्नरला आईचे अनेक आशीर्वाद.

मी फिनिशमध्ये लिहिते आहे. तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे. मलाही तुझा अंक वाचायला बावीस दिवस लागले.

आधी एक सांगते. एल्मीशी भांडू नकोस. तिने तुझं पत्र मला दाखवलं नाही, पण ते आल्यापासून ती तुझं नाव घेताना जपून घेते. तुम्ही दोघांनी मला सांभाळायचं ठरवलंत. चांगल्या मनाने ठरवलंत. पुन्हा ठरवू नका. मी खाणीतल्या माणसाची बायको होते. भोंगा अवेळी वाजला की आम्ही बायका फाटकाशी जाऊन उभ्या राहत असू, आणि कुणी सांगत नसे की तुम्ही घरी बसा, बातमी बरी आहे.

तू पाठवलेलं सगळं वाचलं. तू उघडून पाहिलं नाहीस म्हणून तुला वाईट वाटतं असं एल्मी म्हणाली. तू पाहिलं असतंस तर पाठवलं नसतंस, आणि मी चुकीच्या आठवड्यात बसूनच मेले असते. मला या गोष्टीचा राग येतो, बाळा, दुसऱ्या कशाचा नाही. तुझाही नाही, तुझ्या बाबांचाही नाही. त्यांना आकडा दिसला, त्यांनी तो आणला. पण सत्तावीस वर्षं दर ऑक्टोबरात मी त्याच्याजवळ जाऊन बसते असं मला वाटायचं, आणि तो तिथे नव्हता. तो वर होता, पावसात. मी खाली कुणाच्या तरी उन्हात बसले होते. माझा मुलगा हाका मारत असेल किंवा नसेल, ते मला कधीच कळणार नाही. पण मारत असेल तर मी त्या बाजूला तोंडसुद्धा केलेलं नव्हतं. एवढं मला सोसत नाही. ते सोसायला शिकेन. वेळ थोडा आहे, पण मी हळूहळू शिकणारीच आहे.

एल्मीला वाटतं मी पहिला अंक फेकून देईन. का फेकू? तो काही खोटा नाही. त्या दिवसांत त्याला ऊन मिळालं, जेवण मिळालं, माझी पत्रं मिळाली असतील. तेही त्याचेच दिवस. फक्त ते शेवटचे नव्हते. आता दोन्ही खणात एकत्र ठेवले आहेत.

तुझी शाल मी वापरते. थंडी सुरू झाली, काल पहिला बर्फ पडला, विरघळला. सूप प्यायला लागले आहे, एल्मीचं तोंड बघवेना म्हणून.

आता एक मागते. वाढदिवस होऊन गेला, तरी तू नाही म्हणणार नाहीस. तुझ्या त्या म्हाताऱ्या मित्राला विचार आणि मधला अंक शोध, पंधरा तारखेचा. एल्मीने मला सांगितलं की त्यातल्या बातम्या सात तारखेला संपतात. म्हणजे तो चढतो आहे, भिजलेला आहे, उपाशी आहे, पण आहे. तो आठवडा माझ्याकडे नाही. तेवढा पाठव.

तू चांगला राहा, गुडघ्याला गरम कपडा गुंडाळ, आणि बहिणीला आधी पत्र लिही, मला नंतर. माया तुझ्यावर पहिल्यासारखीच आहे, तुला लागेल तेवढी घे.

तुझी
आई